तुम्ही विचारलंत म्हणून : कॅमेऱ्याच्या डोक्यावर ती काच कशाला?

"कॅमेऱ्याला स्वतःची खिडकी आहे की, मग वर ही दुसरी काच कशाला बसवलीय?" सांगलीत हरभट रोडवर कॅमेरा गळ्यात घालून निघालो की हा प्रश्न ठरलेला. कधी दुकानदार विचारतात, कधी लग्नाचे फोटो काढणारी तरुण मुलं, कधी घरी आलेले पाहुणे. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तरात मला म्हणायचं असतं ते येत नाही, म्हणून इथे सविस्तर.

आधी कामाचं कारण. माझा कॅमेरा रेंजफाइंडर जातीचा. अशा कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, अंगातच वरच्या बाजूला असलेल्या वेगळ्या खिडकीतून बघतो, आणि ती खिडकी ठरावीक लेन्सचाच हिशेब धरून केलेली असते. माझ्या रशियन झोर्की-४ची खिडकी ५० मिलिमीटरच्या लेन्सपुरती आहे. कॅमेऱ्यावर ३५ची ज्युपिटर-१२ लेन्स चढवली की फिल्मवर बरंच जास्त येतं आणि खिडकी त्यातला मधलाच भाग दाखवते. मग वरच्या शूमध्ये, म्हणजे डोक्यावरच्या खाचेत, ३५चा फाइंडर सरकवायचा. तुम्ही विचारता ती काच म्हणजे हा फाइंडर. ही अडचण फक्त रशियन कॅमेऱ्यांची होती असंही नाही. १९५४ साली आलेल्या जर्मन लायका एम३च्या खिडकीत ५०, ९० आणि १३५च्याच चौकटी (फोटोत किती येणार ते दाखवणाऱ्या रेघा) होत्या. ३५ वापरणाऱ्यानं वेगळा फाइंडर घ्यायचा, नाहीतर पुढे चष्मा जोडलेली खास लेन्स. ३५ची चौकट आत आली ती १९५७च्या एम२मध्ये.

पण एवढंच असतं तर मी एकच फाइंडर घेऊन थांबलो असतो. माझा जीव जडला तो त्यातून दिसतं त्यावर.

चांगल्या जुन्या फाइंडरात एक पांढरी उजळ चौकट हवेत तरंगत असते. तिची रेघ आखलेली असते डोळ्याकडच्या बाजूला. पुढच्या वक्र काचेवर आरशासारखा अगदी पातळ मुलामा असतो, त्यात रेघेचं प्रतिबिंब पडतं आणि ती समोरच्या माणसाइतकीच लांब असल्यासारखी दिसते. म्हणून माणूस आणि चौकट दोन्ही एकदम स्पष्ट. मूळ कल्पना व्हॅन अल्बाडा नावाच्या डच लष्करी अधिकाऱ्याची. लायकाचा ५०चा 'एसबीओओआय' तर समोरचं जग आहे त्याच आकारात दाखवतो. (ही विचित्र नावं म्हणजे तारेनं मागणी नोंदवायचे पाच अक्षरी संकेत.) दुसरा डोळा उघडाच ठेवायचा. म्हणजे चौकटीबाहेरचंही सगळं दिसत राहतं.

याची किंमत मला मिरजेत कळली. सतारमेकर गल्लीतली दुकानं अरुंद. दारातून दोन पावलं आत गेलं की कारागीर मांडी घालून बसलेले, भिंतीला पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे टांगलेले, कोपऱ्यात तयार तंबोरे. मागे सरायला जागा नाही. एक कारागीर सतारीच्या दांडीवर खुंट्या बसवत होते. खुंटी फिरवायची, काढायची, थोडी घासायची, परत बसवायची. डाव्या हाताला त्यांचा मुलगा घासायची पत्री घेऊन उभा. तो अजून चौकटीच्या बाहेर होता, पण मला दिसत होता. वडिलांनी न बघताच हात पुढे केला, मुलगा वाकला, आणि त्याचा हात रेघ ओलांडून आत आला तेव्हा मी बटण दाबलं. फोनच्या पडद्यावर तो आत आल्यानंतरच दिसला असता.

इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. फाइंडर लेन्सच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसतो. लांबचा फोटो असेल तर काही बिघडत नाही. पण एका मीटरवर तेवढाच पट्टा वरून कापला जातो, आणि सतारीत तिथेच खुंट्या असतात. चांगल्या फाइंडरात वरच्या रेघेखाली तुटक रेघ असते. जवळ गेलं की तीच खरी कड मानायची.

फोकस मात्र या काचेत कळत नाही. खालच्या खिडकीत फोकस लावून मग डोळा वर न्यायचा. रस्त्यावर मी ती यातायात करत नाही. लेन्सचं छिद्र एफ/८ आणि अंतर तीन मीटर लावून ठेवलं की ३५च्या लेन्सवर साधारण दोन ते सात मीटरपर्यंतचं सगळं नीट येतं. आयर्विन पुलावर सकाळी एवढं पुरतं.

संग्रहातला सर्वात नवलाचा म्हणजे फोग्टलेंडरचा कोंटूर. त्यातून आरपार काहीच दिसत नाही, काळ्या अंधारात फक्त पांढरी चौकट! एका डोळ्यानं ती बघायची, दुसऱ्यानं समोरचं जग, आणि मेंदू दोन्ही एकावर एक ठेवतो. मी हा लोकांच्या हातात मुद्दाम देतो. क्षणभर गोंधळतात, मग चेहरा उजळतो. एक डोळा अधू असेल त्याला मात्र तो उपयोगाचा नाही.

पाच लेन्सांचं फिरतं डोकं असलेला रशियन फाइंडरही माझ्याकडे आहे. २८पासून १३५पर्यंत सगळं एकात. कोणती लेन्स घ्यायची हे ठरवायला उत्तम, पण त्यातून बघताना जग नळीच्या टोकाशी गेल्यासारखं वाटतं, म्हणून तो बहुतेक घरीच असतो.

तुम्हाला घ्यायचा असेल तर आपल्याकडे जी लेन्स आहे तिचाच घ्या. नुसता सुंदर दिसतो म्हणून नको. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा बंद पडलेल्या स्टुडिओच्या कपाटात मिळाला तर आधी उजेडाकडे धरून बघा. चौकटीची रेघ कुठे तुटलेली नाही ना, कडेला काचेचे थर सुटून डाग पडलेत का, आत बुरशीचे धागे आहेत का. आतला मुलामा स्वतः पुसायला जाऊ नका, कापसानंसुद्धा निघतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, बुरशी तिथूनच धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल बरं. शूमध्ये सैल बसत असेल तर खाली कागदाची पातळ पट्टी सरकवा. आणि चष्मा असेल तर मागच्या धातूच्या कडेवर रबराची बारीक रिंग चिकटवून घ्या, नाहीतर चष्म्याच्या काचेवर ओरखडे पडतात.