गुहागरच्या पुळणीवर फ्लाय कास्टिंगचा सराव: वारा, ओहोटी आणि मागची फेक

स्थानिक अँगलिंग क्लबच्या मंडळींनी शनिवार-रविवारच्या सरावासाठी गुहागर निवडलं ते पुळणीकडे बघून. सुमारे सहा किलोमीटर लांब, जवळजवळ सरळ आणि पश्चिमेकडे तोंड असलेला हा किनारा आहे. इथे वारा दिवसातून एकदा पूर्ण फिरतो. फ्लाय कास्टिंग, म्हणजे जाड दोरीच्या (लाइनच्या) वजनावर हलकी पिसांची गरी फेकणं, शिकणाऱ्याला यापेक्षा चांगली शाळा नाही, कारण कोकणात लाइन किती लांब जाईल हे ताकदीपेक्षा वाराच जास्त ठरवतो.

आधी दिवस कसा निवडायचा ते बघू. पुळणीच्या मागे सुरूची रांग आहे. भरतीच्या वेळी उभं राहिलात तर मागची फेक, म्हणजे पुढे टाकण्याआधी मागे उडवलेली लाइन, थेट सुरूत जाते. म्हणून सकाळी ओहोटी असलेला दिवस धरायचा. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा इथे उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे साधारण सव्वासहा तासांनी, पावणेआठच्या आसपास पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघावी. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस सर्वांत सोयीचे. उधाणामुळे पाणी खूप मागे जातं आणि ओली, घट्ट वाळू भरपूर मिळते. कोरड्या वाळूवर लाइन टाकू नका, तिचा लेप खरवडला जातो. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात या पाण्याच्या वाटेला जायचं नाही.

सामान: नऊ फुटी, आठ नंबरचा, चार तुकड्यांचा रॉड. चार तुकडे असले की एसटीत आणि रेल्वेत अडचण होत नाही. बरेच जण नदीवरचा पाच नंबरचा रॉड घेऊन येतात आणि वाऱ्यात हतबल होतात. आठ नंबरच्या लाइनचे पहिले तीस फूट २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरतात. पाच नंबरचे १४० ग्रेन. हा फरक समोरच्या वाऱ्यात लगेच कळतो. लाइन तरंगणारी, वजन पुढे असलेली आणि उष्ण हवामानासाठी बनवलेली हवी. थंड प्रदेशासाठीची लाइन इथल्या उन्हात मऊ पडते, रॉडच्या कड्यांना चिकटते आणि निसटतच नाही.

लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडायचा बारीक दोरा, घरीच बांधा (पाउंड म्हणजे दोरा किती ताणाला तुटतो ते): चाळीस पाउंडी साडेचार फूट, तीस पाउंडी सव्वादोन, वीस पाउंडी सव्वादोन. जोडायला सर्जन गाठ पुरते, पण आवळण्याआधी ती थुंकीने ओली करायची. टोकाला गरी नको. दोन सेंटिमीटर नारिंगी लोकरीचा झुबका बांधा. गरी लावायचीच असेल तर बाकासकट कापून टाका. लीडर न लावता नुसत्या लाइनने सराव करू नये, ती टोकाला उलटत नाही आणि फाटते. तीस आणि पंचेचाळीस फुटांवर लाइनला काळ्या मार्करने खूण करा. टोपी आणि चष्मा लावल्याशिवाय कुणालाही रॉड दिला नाही, आणि हा नियम तुम्हीही पाळा.

पहिला तास फक्त तीस फूट. रॉडचं टोक जमिनीलगत, लाइन ताठ, मग सावकाश सुरुवात करून वेग वाढवत न्यायचा आणि एकदम थांबायचं. लूप, म्हणजे हवेत उलगडणाऱ्या लाइनचा वळसा, तयार होतो तो या थांबण्यातून. थांबणं ढिलं पडलं की लूप रुंद होतो आणि वारा तो गिळतो. मागे लाइन सरळ होईपर्यंत थांबा. तीस फुटांना साधारण एक सेकंद, लाइन वाढली की थोडं जास्त. मान वळवून मागे बघा, त्यात कमीपणा नाही. चाबकासारखा आवाज आला तर समजा, पुढची फेक घाईने सुरू झाली. लीडरमध्ये आपोआप गाठी पडत असतील तर वाऱ्याला दोष देऊ नका: जोर एकदम सुरुवातीलाच लागतोय, किंवा थांब्याच्या वेळात हात नकळत पुढे सरकतोय. अशी गाठ दिसली की तो तुकडा बदला, गाठीत दोरा बराच कमजोर होतो.

सकाळी मतलई वारा पाठीमागून, पूर्वेकडून येतो. पुढची फेक आपोआप लांब जाते म्हणून सगळे खूश असतात, पण मागची फेक वाऱ्यात अडकून कोसळते. उपाय असा की मागची फेक ठेंगणी, जोरकस आणि बारीक लूपची करायची, पुढची किंचित वर सोडायची. अकराच्या सुमारास वारा पडतो आणि मग वायव्येकडून खारा वारा धरतो. आता उलट: मागची उंच, पुढची पाण्याकडे खाली. खरी अडचण उजव्या हाताच्या माणसाला येते. समुद्राकडे तोंड केलं की उत्तर उजवीकडे येते, वारा लाइन थेट कानावर आणतो. मनगट डोक्यावरून डाव्या खांद्याकडे झुकवून टाकता येतं, पण समुद्राकडे पाठ करून मागचीच फेक पाण्यावर सोडणं जास्त सुरक्षित. म्हणून मागची फेक पुढच्याइतकीच घोटावी. डावखुऱ्यांना या किनाऱ्यावर हा त्रास होत नाही.

डबल हॉल, म्हणजे मागच्या आणि पुढच्या दोन्ही फेकींत मोकळ्या हाताने लाइन ओढणं, पंचेचाळीस फूट सहज जायला लागल्यावरच. फेकीच्या शेवटच्या टप्प्यात डाव्या हाताने वीस-तीस सेंटिमीटर ओढ द्यायची आणि हात लगेच रीलकडे परत न्यायचा. बहुतेकांचा हात खालीच राहतो, मग पहिल्या कड्यापाशी ढील येते आणि पुढची ओढ वाया जाते.

पाण्यात गुडघाभर उतरलात की लाट सुटी लाइन पायात गुंडाळते. बाजारातला साधारण ३५ बाय २५ सेंटिमीटरचा प्लास्टिक ट्रे घ्या, तळाला भोकं पाडा, आठ-दहा केबल टाय उभे खोचा आणि इलॅस्टिकने कमरेला बांधा, सुटी लाइन त्यात राहते. चालताना पाय घासत चाला, वाळूत पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) दबून असते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल किंवा कुणी पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकत असेल तर लांब सरका. त्यांचं पोट त्यावर आहे.

रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न उडवता पुढे लोळवत टाकलेली फेक, वाळूवर येत नाही, त्याला पाण्याची पकड लागते. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरत्या पाण्यात धोपावे बाजूला वाशिष्ठीच्या खाडीवर गेलो. कांदळवनातून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी जिताडा आणि तांबोशी हे मासे बसतात. तिथे तीस-चाळीस फूट पुरतात, पण मागे जागा नसते. लाइन सावकाश ओढत रॉड खांद्यामागे न्या, लाइनचं पोट मागे लोंबू द्या, क्षणभर थांबा, मग पुढे. लाइनचं टोक पाण्यावरच राहिलं पाहिजे. आत चिपळूणकडे, मालदोलीच्या पट्ट्यात मगरी आहेत, तिकडे पाण्यात पाय घालायचा नाही.

चिपळूण स्टेशनवरून गुहागर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, एसटी मिळते. घरगुती मुक्काम आणि जेवण सहज होतं, फक्त मासळी हवी असेल तर आदल्या रात्री सांगा. फ्लायचं सामान तिथे मिळत नाही, लीडरचा दोरा जास्तच न्या. परतल्यावर रील गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून हलवा. नळाच्या जोरदार धारेने मीठ आणि वाळू आणखी आत जाते. रॉडचे सांधे त्याच रात्री सोडवून पुसा. वाळूचा एक कण राहिला तरी सकाळी दोघांनी ओढूनही सांधा सुटत नाही.