तक्रार आली ती 'हंगर गेम्स'ची

शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं हरवल्याच्या तक्रारी रोजच्याच. 'हे पुस्तक कपाटातून काढा' अशी लेखी तक्रार मात्र विरळा. तशी आलीच तर आमची पद्धत ठरलेली आहे. ग्रंथपालाने पुस्तक पुन्हा वाचून अभिप्राय लिहायचा, मग मुख्याध्यापिका, एक भाषाशिक्षक आणि तक्रारदार पालक यांच्यासोबत बसून निर्णय करायचा. या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात होती सुझान कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' मालिका. तिला याची सवय आहे म्हणा. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी सर्वाधिक आक्षेप आलेल्या दहा पुस्तकांची यादी काढते, त्यात २०१०, २०११ आणि २०१३ साली ही होती.

पंचाईत माझी होती. मालिकेची बाजू मी मांडायची, आणि मला स्वतःला ती निम्मीच आवडते.

गोष्ट एका काल्पनिक देशाची. तिथली सत्ता दरवर्षी बारा जिल्ह्यांतून प्रत्येकी एक मुलगा आणि एक मुलगी सोडतीने निवडते आणि त्या चोवीस जणांना एकच जिवंत उरेपर्यंत रिंगणात झुंजवते, सगळा देश ते टीव्हीवर बघतो. पहिला भाग (२००८) पक्का आहे. त्यातल्या मारामारीपेक्षा मला त्यातला हिशेब आवडतो. १२ ते १८ वर्षांच्या मुलांची नावं दरवर्षी सोडतीत पडतात आणि वय वाढेल तशा चिठ्ठ्या वाढतात. घरात दाणा नसेल तर नावाची एक जादा चिठ्ठी टाकायची आणि त्या बदल्यात एका माणसापुरतं वर्षाचं तुटपुंजं धान्य-तेल घ्यायचं. नायिका कॅटनिस सोळा वर्षांची, तिच्या नावाने वीस चिठ्ठ्या आहेत, तिचा मित्र गेल याच्या नावाने बेचाळीस. गरिबाचं मूल मरणाच्या जास्त जवळ कसं ढकललं जातं, हे इतक्या थोड्या ओळींत फार कमी लेखकांनी सांगितलं असेल.

पुढे मात्र माझी कुरकुर सुरू होते. दुसऱ्या भागात (२००९) पुन्हा तेच रिंगण. तिसऱ्यात (२०१०) युद्ध आहे, पण निवेदन कॅटनिसचं, तेही वर्तमानकाळात, त्यामुळे ती बेशुद्ध पडली की कथाही बेशुद्ध. जाग येते दवाखान्यात आणि मधलं सगळं कोणीतरी येऊन सांगतं. असं एकदा चालतं, सारखं नाही. आणि याच भागात ती छोटी पॅराशूट्सही आहेत. रिंगणात त्यांतून खेळणाऱ्या मुलांना प्रायोजकांच्या भेटी यायच्या, इथे ती लहान मुलांवर उतरतात आणि आत बॉम्ब असतात. जखमींना सावरायला माणसं धावतात तेव्हा उरलेली फुटतात. कंटाळवाण्या म्हणून ठरवलेल्या पुस्तकातली ही पानं मला कधीच विसरता आली नाहीत.

हिंसेच्या आरोपाला उत्तर मी तयार ठेवलं होतं. एकीकडे स्पर्धेचा रिअ‍ॅलिटी शो, दुसरीकडे युद्धाची दृश्यं, अशी टीव्हीची चॅनेल बदलता बदलता ही कल्पना सुचली, असं कॉलिन्स यांनी सांगितलेलं आहे. म्हणजे पुस्तक मुळात हिंसा बघणाऱ्यांबद्दलच आहे, वगैरे.

बैठकीत तक्रारदार गृहस्थांनी पिशवीतून तिन्ही भाग काढले. पानोपानी खुणेच्या पट्ट्या. पुस्तक पूर्ण वाचून तक्रार करणारा माणूस, हेच माझ्यासाठी नवल होतं. पहिली पट्टी उघडली तर पीटाची मुलाखत. कॅटनिसच्याच जिल्ह्यातून रिंगणात जाणारा हा मुलगा भर मंचावर तिच्यावरच्या प्रेमाची कबुली देतो ते पान.

"हिंसेबद्दल माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "मुलगी नववीत आहे, बातम्या बघते. पण मैत्रिणी जमल्या की या पुस्तकावर तासन्‌तास एकच वाद, पीटा की गेल. चोवीस मुलं आत गेली, त्यांची नावं विचारा. चार-पाच सांगतील."

"अहो, वयच आहे ते," आमचे भाषेचे सर हसून म्हणाले. गृहस्थ हसले नाहीत.

मी त्यांना गुहेतला प्रसंग काढून दाखवला. कॅटनिस पीटाचं चुंबन घेते आणि वरून प्रायोजकांचा गरम रस्सा येतो. यापुढे किती प्रेम दाखवलं की किती अन्न मिळेल, हे तिला कळून चुकतं. "हे प्रेम प्रेक्षकांसाठी मांडलेलं आहे, आणि लेखिकेला ते पुरतं ठाऊक आहे," मी म्हटलं.

"मला दिसलं ते, बाई. मुलींना नाही दिसलं. आणि ठाऊक आहे म्हणता, तर शेवटी दोन मुलांसकट संसार का मांडून दिला?"

त्या शेवटच्या पानांतही कॅटनिसची दुःस्वप्नं संपलेली नाहीत, हे मी सांगितलं. पण माझ्याही मनात कुठेतरी हेच सलत होतं. तमाशावर टीका करणारं पुस्तक वाचकाला धरून ठेवतं ते तमाशाच्याच जोरावर.

मग मला नावांचं आठवलं. "नावं मुलींनी सांगायची कुठून? निम्म्याअधिकांची पुस्तकातच नाहीत. एकीला कॅटनिस मनातल्या मनात 'फॉक्सफेस' म्हणते, एक नुसता पायाने अधू मुलगा, एक तिसऱ्या जिल्ह्यातला मुलगा."

त्यांनी पुस्तक हातात घेऊन जरा चाळलं. "मग हे पुस्तकाच्या बाजूने धरायचं की विरुद्ध?"

उत्तर कोणाकडेच नव्हतं. सर खिडकीबाहेर बघू लागले. मुख्याध्यापिकांनी निर्णय दिला, पुस्तकं नववीपासून पुढच्यांसाठी कपाटात राहतील. अभिप्रायात मी तो प्रश्न जसाच्या तसा घातला. अभिप्रायात प्रश्न नसतात असं त्या म्हणाल्या, पण सही केली.

निघताना गृहस्थांनी विचारलं, या बाईंचं पुढचं काही आहे का? २०२० साली आलेलं पुस्तक आहे, खलनायक स्नो याच्या तरुणपणाचं, मी म्हटलं. त्यात चोवीसही मुलांना नावं आहेत, चक्क यादीच दिली आहे. पालकांच्या नावावर पुस्तक देता येत नाही, म्हणून त्यांच्या मुलीच्या खात्यावर टाकलं.