पाठदुखी आणि स्तनांचं ओझं

मिरजेला प्लास्टिक सर्जनकडे जाण्याआधी ब्रा तपासा. भार छातीभोवतीच्या पट्ट्याने पेलायचा असतो, खांद्यांनी नव्हे. पट्टा पाठीवर वर चढत असेल तर तो सैल आहे. माप बदलूनही खांद्यांना खाचा, स्तनांखाली चट्टे, मान-पाठ दुखणं सुरूच असेल, तर स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार रास्त.

पूर्ण भूल, साधारण 2 ते 4 तास. टाके बहुधा उलट्या टीच्या आकाराचे. जखम उकलते ती बहुतेकदा उभ्या-आडव्या टाक्यांच्या जोडावर, कारण तिथे ताण जास्त, रक्तपुरवठा कमी. तंबाखूने तो आणखी घटतो, म्हणून तंबाखू किमान 4 आठवडे आधी बंद. मिश्रीसुद्धा! आपल्याकडे बायका ती तंबाखूत धरतच नाहीत. नंतर साधारण 6 आठवडे पाण्याची कळशी उचलायची नाही. पुढे अंगावर पाजणं अवघड जाऊ शकतं. विम्याची मंजुरी आधी लेखी घ्या. ‘सौंदर्यासाठी’ म्हणून दावा अडतो.