मॅडम, अंकाची फी कुठे गेली?

यंदाही आमच्या कॉलेजचा वार्षिक अंक छापून येणार नाही. पीडीएफ निघेल, ती ग्रुपवर पडेल, आणि जिथे रेंजसाठी पोरांना सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, जाऊन उभं राहावं लागतं तिथे ती उघडायलाच खूप वेळ लागेल. हा निर्णय कळला त्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ग्रंथालयात आली. फीची पावती काउंटरवर ठेवली, नियतकालिकाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, अंक छापत नाहीत, मग ही फी कुठे गेली?"

उद्धटपणा अजिबात नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी देवगड तालुक्यातल्या एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि भित्तिपत्रकाचं काम माझ्याकडे आहे. मी तिला म्हटलं, हा प्रश्न लिहून दे, आपण तो उत्तरासकट लावू. उत्तर हेडक्लार्क सरांकडून घेतलं. अंकाच्या नावाखाली जमा होणाऱ्या पैशांत छपाईचा निम्मासुद्धा खर्च निघत नाही. बाकीचा भाग पूर्वी जाहिरातींतून निघायचा: आंबा बागायतदार, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे, बाजारातली हॉटेलं, गणपती कारखाने. त्या शुभेच्छांच्या जाहिराती आता व्हॉट्सॲपवर फुकट टाकता येतात, त्यामुळे बंद झाल्या. जमलेली फी पीडीएफच्या मांडणीला गेली आणि उरलेली त्याच खात्यावर शिल्लक आहे. एवढं सगळं एका कार्डशीटवर बसलं. त्या महिन्यात फळ्यासमोर जितकी गर्दी होती तितकी मी स्नेहसंमेलनाच्या बक्षिसांच्या यादीसमोरही पाहिलेली नाही.

तेव्हापासून मी एका गोष्टीबद्दल हट्टाला पेटले आहे. पैसे कमी असतील तेव्हा कॉलेजने सगळ्यात शेवटी काय बंद करावं, तर बातमी. आणि बातमी म्हणजे "कार्यक्रम उत्साहात संपन्न" नव्हे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मान्यवरांचे फोटो हे सगळं अहवालात जातंच. मूल्यांकनाच्या फायलीला ते लागतं, तिथे ते असू दे. पण ज्या मुलाने उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या भरून आपली फी उभी केली आहे, त्याला आपल्या कॉलेजात काय चाललंय हे कळायला दुसरी जागा नाही.

अनुदानित म्हटलं की गावात समज असा की सगळं सरकार देतं. सरकार देतं ते मंजूर पदांवर असलेल्या माणसांचे पगार. वीज, कौलं, प्रयोगशाळेतली रसायनं, फिनेल, खडू हे कॉलेजने कसंबसं भागवायचं, आणि अनुदानित वर्गांची फी वाढवणं कॉलेजच्या हातात नाही. पुस्तकांना आणि उपकरणांना विद्यापीठ अनुदान आयोगाकडून (यूजीसी) पंचवार्षिक योजनेत पैसे यायचे. बारावी योजना २०१७ ला संपली, तेरावी आलीच नाही. ग्रंथालयात येणारं प्रत्येक पुस्तक ज्यात नोंदवतात त्या माझ्या दाखल नोंदवहीत हे उघड दिसतं. आधी एका वर्षात पानामागून पान भरायचं, किंमत, पुरवठादार, बिल क्रमांक, सगळे रकाने निळ्या शाईने गच्च. नंतरच्या वर्षांत मधेच लाल रेघ, खाली पुढचं वर्ष, दोन-चार ओळी, पुन्हा रेघ. आणि त्या दोन-चार ओळींतही बऱ्याच पुस्तकांपुढे "देणगी" लिहिलेलं. छापील मासिकं एकेक करून थांबवली. त्याऐवजी यूजीसीच्या इनफ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट या ऑनलाइन वाचन योजनेची वर्गणी भरतो आणि त्यात हजारो नियतकालिकं मिळतात. पैसा वसूल योजना आहे, पण मुलांना लॉगिन काढून देऊन समोर बसून शिकवलं तरच.

मुलंही कमी होताहेत, हेही भिंतीवर लावलं. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात ८,६८,८२५ माणसं होती, २०११ मध्ये ८,४९,६५१. शेजारच्या रत्नागिरीत १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे आटले. माणूस मुंबईला, पुण्याला, गोव्याला जातो आणि मूल तिकडच्याच शाळेत दाखल होतं. इथे वर्गात डोकी कमी झाली की तुकडी जाते, तुकडी गेली की कार्यभार, म्हणजे शिकवायचे तास, कमी होतो, कार्यभार कमी झाला की निवृत्त झालेल्या सरांची जागा भरली जात नाही. मे २०२० मध्ये कोरोनामुळे राज्याने नवी भरती थांबवली, तेव्हा ज्या जागा मोकळ्या होत्या त्यांवर आमच्याकडे तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणारे, शिक्षक आले. वर २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आवडीने निवडायचा विषय, शिवाय कौशल्याचे विषय. वेळापत्रकात रकाने वाढले आणि ते भरायला माणसं तीच.

तासिका तत्त्वावरच्यांबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण त्यांची बातमी कुणीच देत नाही. अर्थशास्त्राच्या एक मॅडम सत्राच्या मधेच गेल्या. सोमवारी वर्गात कुणी आलं नाही, मंगळवारी दुसऱ्याच विषयाचा तास लागला, मुलं शिपाईमामांना विचारत राहिली. कुणी म्हणालं लग्न ठरलं, कुणी म्हणालं भांडण झालं. खरी गोष्ट साधी होती. मानधन महिनोन्‌महिने उशिरा येत होतं, घरभाडं दर महिन्याला द्यावं लागत होतं, आणि पुण्यात एका खासगी कंपनीत त्यांना कायमचं काम मिळालं. त्यांना फोन करून विचारलं की हे छापू का. त्या म्हणाल्या, नाव न घालता जरूर छापा, आणि मुलांना सांगा की नोट्स मी पाठवून देणार आहे. दोन्ही गोष्टी लावल्या. त्याच दिवशी अफवा थांबल्या. ज्या बाईने त्या मुलांना मागणी-पुरवठ्याचा आलेख जेट्टीवरच्या माशांच्या लिलावावरून समजावला होता, तिच्या जाण्याचं खरं कारण मुलांना कळणं एवढा मान तिला मिळायलाच हवा होता.

संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांना हे आवडलं नव्हतं. चांगला, मनापासून कॉलेजसाठी राबणारा माणूस. मला बोलावून म्हणाले, "घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर कशाला मांडायची? लोक काय म्हणतील? अॅडमिशन आणखी कमी होतील." त्यांची भीती खोटी नाही. पण मी त्यांना त्यांच्याच गावच्या शिमग्याची आठवण दिली. पालखी घरोघर फिरून झाली की देवळात सगळी वाडी बसते आणि जमाखर्च मोठ्याने वाचला जातो. नारळ किती, ढोलवाल्यांना किती, कुणाची वर्गणी बाकी. नाव घेतलं जातं आणि तरीही कुणी गाव सोडून जात नाही. उलट पुढच्या वर्षी मुंबईकर जास्त पैसे पाठवतात, कारण कुठे गेले ते त्यांना कळलेलं असतं. पदाधिकारी थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आकडे प्राचार्यांना दाखवून लावा." मला ही अट मान्य आहे. आकडा चुकीचा लागण्यापेक्षा एक दिवस उशिरा लागलेला बरा.

आता वाचनकक्षाची गोष्ट, कारण या सगळ्यात तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

एक ग्रंथालय परिचर निवृत्त झाले आणि जागा भरली गेली नाही. म्हणून वाचनकक्ष तीन वाजता बंद करायचा ठरला, विजेचंही कारण होतंच. वरच्या अंगाच्या गावांना जाणारी सोयीची एसटी सव्वापाचची. मधले सव्वादोन तास मुलं स्टँडवर. पावसात तिथे बसायला कोरडी जागा मिळणं कठीण, मुलींना तर नकोच वाटायचं. ही बातमी पहिल्या वर्षाच्या एका मुलाने आणली. मी त्याला म्हटलं, तक्रार नको, नोंद आण. त्याने आठवडाभर स्टँडवर बसून कोण कुठल्या गावचं, कधी सुटतं, कधी घरी पोचतं हे वहीत उतरवलं. त्यात एक मुलगी होती, जी घरी पोचेपर्यंत काळोख होतो आणि मग विहिरीवर जाऊन पाणी आणते, नंतर अभ्यास. त्या मुलाने शेवटी एकच ओळ लिहिली होती: "वाचनकक्ष पाचपर्यंत उघडा राहिला तर एवढ्या जणांचा अभ्यास कॉलेजातच होईल."

ती नोंद भिंतीवर लावली आणि विजेचं बिल मागवलं. वाचनकक्षातल्या दोन ट्यूब आणि तीन पंख्यांचा दोन तासांचा खर्च फिजिक्सच्या सरांनी मुलांकडूनच काढून घेतला. वॅट, तास, युनिट, दर. एवढीशी रक्कम निघाली की त्यावर वाद घालायला कुणी उरलं नाही. माणसाचा प्रश्न होता, तो कमवा आणि शिका योजनेतून सुटला. कर्मवीर भाऊरावांनी रयतमध्ये रुजवलेली ही कल्पना आमच्यासारख्या कॉलेजांना अजून पुरून उरते आहे. दोन विद्यार्थी आळीपाळीने काउंटर सांभाळतात, सव्वापाचला दहा मिनिटं असताना दिवे बंद करून किल्ली मामांकडे देतात. भिंतीवर ते आलं नसतं तर वाचनकक्ष आजही तीनलाच बंद झाला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कुणी मुद्दाम अडवलेलं नव्हतं, पण स्टँडवर काय चाललंय हे मीटिंगमध्ये बसलेल्या कुणालाच माहीत नव्हतं.

एसटीची दुसरी बातमी मुलींनीच काढली. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत गावातल्या मुलींना पास मोफत. पदवीच्या पहिल्या वर्षाला आल्या की ते संपतं आणि विद्यार्थ्यांची ६६.६७ टक्के सवलत लागू होते, म्हणजे एक तृतीयांश भाडं घरून. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा तो तृतीयांशही वाढला. ज्या घरात दोन मुली शिकतात तिथे बारावीनंतर थोरलीला घरी बसवण्याचं हे एक कारण असतं, आणि प्रवेश समितीच्या कुठल्याच तक्त्यात ते दिसत नाही. आम्ही त्या बातमीखाली लिहिलं: पासासाठी मदत हवी असेल तर ग्रंथालयात येऊन भेटा, नाव बाहेर जाणार नाही. त्या पानाचा फोटो कुणीतरी मुंबईतल्या गावकऱ्यांच्या कमिटीच्या ग्रुपवर टाकला. एका माजी विद्यार्थ्याचा डोंबिवलीहून फोन आला, त्याने काही मुलींचे वर्षभराचे पास उचलले. त्याने एकच विचारलं, पैसे थेट पासाला जातील ना? पावत्यांचे फोटो त्याला पाठवते.

सगळंच सुटत नाही, हेही सांगते. युवा महोत्सवाला यंदा एकांकिका गेली नाही, फक्त लोकनृत्य आणि वक्तृत्व. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर झालं ते गावाने जेवण घातलं म्हणून. रोज एकेका वाडीने भाकऱ्या आणि पिठी-भात, शेवटच्या रात्री वडे-सागोती. वर्तमानपत्रं तीनवर आली. तासिका तत्त्वावरच्यांचं मानधन अजून वेळेवर येत नाही आणि ते माझ्या भित्तिपत्रकाने येणारही नाही. तरी दर महिन्याला "मानधन: बाकी" ही ओळ आम्ही लावतो. ती ओळ काढा असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

भित्तिपत्रक कसं निघतं ते विचारणाऱ्या इतर कॉलेजांतल्या मित्रमैत्रिणींसाठी थोडं. कार्डशीट, स्केचपेन, पेन्सिलीने आखलेल्या रेघा. जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी पितो. गोंद धरत नाही, टाचण्या गंजतात आणि आठवड्यात पानाच्या कोपऱ्याला तांबडे डाग पडतात. आमचे मामा रोज सकाळी पान चाचपून बघतात. "मॅडम, कागद मऊ पडलो, टाचणी ऱ्हवणा नाय," असं ते म्हणाले की पान काढून आम्ही बल्ब लावलेल्या पुस्तकांच्या कपाटात तासभर ठेवतो. आता स्टीलच्या पिना आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिक वापरतो. अक्षर मोठं ठेवा, मागे उभ्या असलेल्याला वाचता आलं पाहिजे. दर पानावर तारीख घाला. काढलेलं पान फेकू नका. मी सगळी पानं दाखल नोंदवहीत नंबर देऊन ठेवते, पुस्तकासारखीच.

पुढच्या पानावर ग्रंथालयाच्या छपराचं अंदाजपत्रक लागणार आहे. पश्चिमेकडची बाजू गळते, गेल्या पावसात मराठीच्या कपाटावर ताडपत्री टाकून दिवस काढले. सुताराने वासे, रिपा आणि कौलं वेगवेगळी धरून आकडे दिले आहेत, ते प्राचार्यांच्या टेबलावर आहेत. गणपतीला गावी येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी कॉलेजात डोकवावं आणि ते पान वाचावं. कौलं कुणाला घरच्या जुन्या छपराची द्यायची असतील तर तीही चालतील, मंगलोरी आणि न फुटलेली. आणतानाच मोजून द्या, म्हणजे आकडा लगेच लावता येईल.