दोन लिटर काकवी आणि पसरलेली बिस्किटं

बेकरीवाल्यांच्या आणि मिठाईवाल्यांच्या पाककृती वजनात बसवून देणं हे माझं काम. कोल्हापुरात या कामात काकवी (उसाचा रस आटवून केलेला दाट पाक) वारंवार येते, आणि बहुतेक वेळा घोळही तिथंच असतो. मागच्या हंगामात एका बचत गटाच्या भट्टीवर जे पाहिलं, त्यात हे सगळे घोळ एकाच दिवशी समोर आले, म्हणून ते सविस्तर लिहितो.

माल नाचणी-गव्हाच्या बिस्किटांचा. एका घाण्याला ५ किलो पीठ आणि २ किलो काकवी. ट्रेमध्ये बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटलेली, कडा काळपट, आणि थंड झाल्यावरही मऊच. पीठ मळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काकवी तीच हाय, माप बी तेच हाय. मग असं का व्हतंय?"

माप पाहिलं तर ते दुधाचं, एक लिटरचं. कागदावरच्या २ किलोसाठी दोन मापं भरून ओतली जात होती. चांगल्या दाट काकवीत शंभर ग्रॅमला साधारण ७५ ग्रॅम विरघळलेला ऐवज असतो, त्यातली जवळपास सगळी साखरच, आणि उरलेलं पाणी. हाच शंभरातला ऐवज ब्रिक्समध्ये सांगतात, म्हणजे ही ७५ ब्रिक्स. अशा काकवीचा एक लिटर भरतो १.३८ किलो. दोन लिटर म्हणजे २.७६ किलो. घाण्यात ७६० ग्रॅम काकवी जास्त गेली, त्यात १९० ग्रॅम पाणी आणि ५७० ग्रॅम साखर. भट्टीत साखर वितळून कणीक पातळ झाली, म्हणून बिस्किट पसरलं. काकवीतली काही साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झालेली असते. ती रंग लवकर धरते आणि हवेतली ओल ओढते, म्हणून कडा काळ्या आणि बिस्किट मऊ.

एवढ्यावर दुरुस्ती सोपी वाटली. गटातल्या एका मुलीने मोबाइलवर मधाचा आकडा शोधून ठेवला होता : लिटरला १.४२ किलो. काकवीलाही तोच धरला तर २ किलोसाठी १.४१ लिटर घ्यायचे. पण भट्टीवर त्या दिवशी उघडलेला डबा नव्या गुऱ्हाळाचा होता, म्हणून तो मोजल्याशिवाय पुढं जायचं नाही असं ठरवलं.

मोजायची रीत घरीही करता येते. कोरडं माप काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा. काठोकाठ पाणी भरून वजन घ्यायचं. १००० ग्रॅम आलं तर माप खरं. ९७० आलं तर तुमचा 'लिटर' ९७० मिलीचा आहे. मग माप पुसून कोरडं करायचं, त्याच काठापर्यंत काकवी भरायची आणि पुन्हा वजन. काकवीच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागलं की त्या डब्याचा आकडा, म्हणजे लिटरला किती किलो ते, मिळतो. ओतल्या ओतल्या वजन घेऊ नका. काकवीत हवेचे बुडबुडे अडकतात, आकडा कमी येतो. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, फेस काढायचा, वरून पुन्हा भरायचं. आणि काकवी गार हवी. उकळत्या पाकाचं आकारमान गार पाकापेक्षा तीन-चार टक्के जास्त असतं.

आकडा आला १.३३. म्हणजे जवळपास ६७ ब्रिक्स. पाहताना मात्र ती मुळीच पातळ वाटत नव्हती, कारण सकाळचा गारठा होता. थंडीत काकवीची धार कितीतरी पट दाट होते, पण लिटरचं वजन जेमतेम एखाद्या टक्क्याने हलतं. धार बघून वजन ठरवणारा म्हणूनच फसतो.

हा फरक काहिलीवरच, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईवरच पडतो. कोल्हापुरात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. गुळव्याने (गूळ-काकवी करणाऱ्याने) काकवी १०५ च्या आसपास उतरवली तर ती ७५ ब्रिक्सच्या जवळ जाते. अडीच-तीन अंश आधी उतरवली तर ६७ वरच राहते. नजरेने काम चालतं तिथं एवढा फरक पडायचाच.

आता इथं काटासुद्धा पुरत नाही. नव्या काकवीचे बरोब्बर २ किलो घेतले तरी त्यात ऐवज १.३४ किलो आणि पाणी ६६० ग्रॅम. ७५ ब्रिक्सच्या काकवीत तेच १.५ किलो आणि ५०० ग्रॅम. गोडी कमी आणि कणीक सैल. त्यामुळे नवी काकवी २.२४ किलो घेतली, मंद आचेवर ठेवली, आणि मधून मधून भांड्यासकट काट्यावर ठेवत २४० ग्रॅम वजन कमी होईपर्यंत आटवली. गेलं ते पाणीच. उरली २ किलो, ७५ ब्रिक्सची. (घाई असेल तर न आटवता २.२४ किलो घालून पाककृतीतलं दूध किंवा पाणी २४० ग्रॅमने कमी करता येतं.) गार करून मळलेल्या त्या घाण्याची बिस्किटं कडेला स्वच्छ तुटली.

एवढी पातळ काकवी साठवायला मात्र मला धोक्याची वाटते. ती आंबते. घेतानाच डब्याचं वजन आणि आकारमान पाहून घ्यावं.

घरच्या मापासाठी : ७५ ब्रिक्सच्या काकवीचा १५ मिलीचा मोठा चमचा साधारण २१ ग्रॅम, ५ मिलीचा छोटा ७ ग्रॅम, २४० मिलीचा कप ३३० ग्रॅम. गुऱ्हाळावर पाण्याची लिटरची बाटली भरून आणली तर आत १.३८ किलोच्या आसपास माल असतो. उलट अर्धा किलो काकवी फक्त ३६० मिली जागा घेते.

साखरेच्या पाकाचंही असंच. १ किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी मिळून दीड लिटर पाक होईल असं धरून गुलाबजामांचं भांडं ठरवतात. साखर विरघळल्यावर पाक भरतो जेमतेम १.१३ लिटर, आणि उकळताना पाणी गेलं की त्याहून कमी.

गटाच्या कागदावरचे सगळे लिटर खोडून ग्रॅम लिहिले. डब्यावर चिठ्ठी लावली : उघडल्याची तारीख आणि मोजलेला आकडा. दुधाचं माप काकवीसाठी बंद केलं, कारण त्याच्या भिंतींना दर वेळी काही ग्रॅम चिकटून राहतातच. आता पातेलं काट्यावर, काटा शून्यावर, आणि काकवी थेट पातेल्यात.