शेवटी कुणी मरत नाही

गे लव्हस्टोरी आणि तीही जुन्या काळातली असली की मी आधी शेवटचं पान बघते. खरंच बघते, हसू नका. कारण ठरलेलंच असतं, एकजण जीव देणार नाहीतर मुकाट लग्न करून आयुष्यभर खिडकीतून बाहेर बघत बसणार, आणि आपण रात्री दोनला उशीत तोंड खुपसून रडायचं. बास झालं ते. म्हणून हल्ली कुणी काहीतरी चांगलं वाचायला सुचव म्हटलं की मी कॅट सेबॅस्टियनची दोन पुस्तकं त्याच्या माथी मारते, 'वुई कुड बी सो गुड' (२०२३) आणि 'यू शुड बी सो लकी' (२०२४).

पहिलं घडतं न्यूयॉर्कमध्ये, पन्नासच्या दशकाच्या शेवटी. निक रुसो ब्रुकलिनच्या इटालियन घरातला, एका पेपरात रिपोर्टर, तोंडाने फटकळ. अँडी फ्लेमिंग पेपरच्या मालकाचा मुलगा, पुढे पेपर त्यालाच चालवायचाय आणि पठ्ठ्याला स्वतःच्या वस्तूही धड सांभाळता येत नाहीत. त्याचं ठरलेलं लग्न मोडतं आणि तो निकच्या फ्लॅटवर राहायला येतो. मग काय होतं? फार काही नाही. म्हणजे होतं, पण एकजण स्वयंपाक करतोय आणि दुसरा मध्ये मध्ये लुडबुडतोय, असल्या गोष्टींतून होतं. तो जेवला का, उशीर का झाला, एवढ्यावर पानंच्या पानं. मला तर तेच आवडलं.

आता कुणीतरी म्हणणारच की त्या काळात एवढं गोड कुठे होतं, उगाच स्वप्नरंजन. तर भीती पुस्तकात आहे, निक सतत मागे वळून बघत जगतो. १९५३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या आदेशानंतर सरकारी नोकरीतून गे लोकांना वेचून काढायचे, पोलिसांच्या धाडी वेगळ्याच. पण मला सगळ्यात चीड आली ती पोस्टाची! १९५२ मध्ये मेरिजेन मीकरने टोपणनावाने 'स्प्रिंग फायर' लिहिलं, कॉलेजच्या दोन मुलींच्या प्रेमाची गोष्ट, तर प्रकाशकाने आधीच सांगून ठेवलं की शेवट सुखाचा नको, पोस्टवाले अश्लील म्हणून गठ्ठे जप्त करतील. मग एकीला वेड्यांच्या इस्पितळात पाठवून दिलं, झालं. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथने 'द प्राइस ऑफ सॉल्ट'मध्ये प्रेमात पडलेल्या दोघींना आशेवर सोडलं, पण पुस्तकावर स्वतःचं नाव घातलं नाही. पुढे 'वन' नावाचं गे लोकांचं मासिक लॉस एंजेलिसच्या पोस्टाने अडवलं, ते भांडत थेट सुप्रीम कोर्टात गेले आणि जानेवारी १९५८ मध्ये जिंकले. म्हणजे आपल्याला जे 'खोटं वाटतं' ते तेव्हा लिहूच दिलं जात नव्हतं, लोक तसे जगत नव्हते असं थोडंच आहे?

दुसरं पुस्तक १९६० चं, बेसबॉलचं. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा फिल्डर एवढं कळलं तरी पुरतं. असाच शॉर्टस्टॉप असलेल्या एडी ओ'लिअरीचा बॅटिंग फॉर्म पार गेलाय, बॉल बॅटला लागतच नाही (कोहलीच्या ७१ व्या सेंच्युरीची वाट बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको). त्याच्यावर लिहायला येतो पत्रकार मार्क बेली. मार्कचा जोडीदार वारलाय, वर्षाहून जास्त झालं, आणि हे तो कुणाला सांगू शकत नाही. जगाच्या लेखी त्याचं कुणी गेलेलंच नाही. ना कुणी भेटायला येणार, ना कुणी विचारपूस करणार, घरात फक्त त्या माणसाची कुत्री. हे वाचताना मी पुस्तक मिटून चहा करायला उठले.

तक्रार एकच, दोन्ही पुस्तकांत भली माणसं जरा जास्तच भेटतात आणि पहिलं मध्ये रेंगाळतं. आधी पहिलंच वाचा म्हणजे दुसऱ्यात निक-अँडी दिसले की मजा येते, नाही वाचलं तरी अडत नाही. आणि शेवटचं पान आधी बघायची गरज नाही, मी बघितलंय.