गंधाराची तार नसलेला तंबोरा : प्रयोगवहीतील मे ते ऑगस्टच्या नोंदी

मे महिन्याच्या सुट्टीत भाची आमच्या गिरगावच्या घरी राहायला आली होती. ती नववीत आहे आणि चार वर्षांपासून गाणे शिकते. एका संध्याकाळी मी तंबोरा लावून तिच्या हाती दिला, तेव्हा पाचएक मिनिटे छेडून झाल्यावर तिने विचारले, "मामा, यात गंधार वाजतोय, पण गंधाराची तार कुठे आहे?" तार अर्थातच नाही. एक पंचम, दोन जोडीच्या (मधल्या सा च्या) आणि एक खर्ज (त्याच्या खालच्या सप्तकातला सा), एवढ्याच चार तारा. आपल्याकडे त्या स्वराला स्वयंभू गंधार म्हणतात आणि ते नाव इतके सुंदर आहे की पुढे काही विचारावेसे वाटत नाही. मीही चाळीस वर्षे विचारले नव्हते. या वेळी मात्र मामा-भाचीने त्या गंधाराचा माग काढायचे ठरवले आणि गेले तीन महिने, मुख्यतः रविवारी, आमचा उद्योग चालू आहे.

तंबोऱ्याकडे वळण्यापूर्वी साध्या तारेचे वर्तन समजून घ्यावे म्हणून सुताराकडून एक फळी आणली. तिच्यावर धारदार कडेच्या दोन पाचरी साठ सेंटिमीटर अंतरावर बसवल्या, ०.३ मिलिमीटर व्यासाची पोलादी तार एका टोकाला खिळ्याला बांधली आणि दुसऱ्या टोकाला कप्पीवरून पाण्याची बाटली लटकवली. बाटलीसह एक किलो वजन झाले तेव्हा तारेने सेकंदाला सुमारे ११० कंपनांचा स्वर दिला. तो सा धरून भाचीने वजन दुप्पट केले. तिचा अंदाज होता की आता तार सा येणार. फोनवरचे अ‍ॅप आकडा दाखवायच्या आधीच ती म्हणाली, "हा तर यमनातला म आहे." आणि तो खरोखरच तीव्र मध्यम होता. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे दुप्पट ताणाने ती १.४१४ पट होते, म्हणजे स्वर सप्तकाच्या बरोबर मध्यावर येतो. पंचमासाठी सव्वादोन किलो लागले आणि तार षड्जासाठी पूर्ण चार. पायथागोरसच्या नावावर खपवली गेलेली हातोड्यांच्या वजनांची दंतकथा दुप्पट वजनाने वरचा सा मिळतो असे सांगते आणि ती शतकानुशतके तशीच उतरवली गेली. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली हे ल्यूटवादक होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी तारेला वजने बांधून ती खोटी ठरवली. वाद्य वाजवणाऱ्या माणसाला असे फसवणे कठीण असते, हे त्या दिवशी नववीतल्या मुलीकडे पाहून पटले. (कप्पीला तेल द्यावे. कोरड्या कप्पीवर आमचा पंचम दोनदा उतरला होता.)

आता गंधार. आमचा तंबोरा मिरजेचा, वडिलांच्या वेळचा आहे आणि काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) या पट्टीत लावतो. त्या पट्टीचा सा साधारण १३८.६ हर्ट्‌झचा, म्हणून खर्ज ६९.३ चा. कोणतीही ताणलेली तार एकाच वेळी अखंड आणि दोन, तीन, चार, पाच समान भागांतही कंप पावते. या प्रत्येक कंपनाचा जो स्वर निघतो तो अंशस्वर. पाच भागांतील कंपनाची, म्हणजे पाचव्या अंशस्वराची, वारंवारता मूळच्या पाचपट असते. खर्जाची पाचपट म्हणजे ३४६.५, आणि ती मधल्या सा च्या अडीचपट असल्याने तार सप्तकातला गंधार होते. कागदावर हे दोन ओळींत सुटले. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात ते दिसावे यासाठी मात्र जूनचा बहुतेक महिना गेला.

पहिले मुद्रण फोनवर केले आणि ते ऐकताना तंबोरा हळूहळू विरत असल्यासारखा वाटला. फोनमधील गोंगाट कमी करणारी सोय अखंड चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजते, आणि तंबोऱ्याइतका अखंड चालणारा आवाज दुसरा कोणता असणार? मग लॅपटॉपला स्वस्तातला मायक्रोफोन जोडला. आमच्या घरामागून पश्चिम रेल्वे जाते, त्यामुळे रात्री शेवटची लोकल गेल्यानंतर आणि पहिली सुटण्याआधी जे दोन-तीन तास मिळतात त्यांतच काम उरकावे लागते. पहिल्याच रात्री वर्णपटात, म्हणजे आवाजात कोणती वारंवारता किती आहे हे दाखवणाऱ्या आलेखात, ३५० च्या आसपास चांगले ठसठशीत शिखर दिसले आणि सकाळी ते मी मोठ्या ऐटीत भाचीला दाखवले. हिशेबाने ३४६.५ यायला हवे होते, तरी तंबोरा किंचित चढला असेल असे समजून मी तो उतरवला. शिखर हलले नाही. आणखी उतरवला, तरी ते ३५० वरच. शेवटी भाचीने चारही तारांवर तळहात ठेवून त्या बंद केल्या, तेव्हा तंबोरा गप्प आणि शिखर जागच्या जागी. ते लॅपटॉपच्या चार्जरमधून येणाऱ्या विजेच्या गुणगुणीचे होते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि ५० सातें ३५०. चार्जर काढल्याबरोबर ते नाहीसे झाले.

ही फजिती सविस्तर लिहिण्याचे कारण असे की तिच्यामुळे एक मोलाची गोष्ट कळली. संगणक आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजून साठवतो, त्या प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात. मी प्रोग्रॅममध्ये एका वेळी असे ४,०९६ नमुने तपासत होतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगाने ते जेमतेम ०.०९ सेकंदाचे होतात, आणि एवढ्या छोट्या तुकड्यात सुमारे ११ हर्ट्‌झपेक्षा जवळचे दोन स्वर वेगळे दिसूच शकत नाहीत. खरा गंधार आणि विजेची गुणगुण एकाच शिखरात लपली होती. नमुने ६५,५३६ केले, म्हणजे दीड सेकंदाचा तुकडा घेतला, तेव्हा दोन्ही वेगळी झाली. स्वर नेमका कोणता हे जाणायचे असेल तर तो पुरेसा वेळ ऐकावा लागतो आणि तो नेमका केव्हा सुरू झाला हे जाणायचे असेल तर स्वराच्या नेमकेपणावर पाणी सोडावे लागते. हे कोणत्याही सॉफ्टवेअरचे वैगुण्य नाही, गणिताचाच नियम आहे. द्रुत तानेतला स्वर आणि आलापातला ठहराव असलेला स्वर एकाच काट्याने तोलू नयेत, असे माझे मत यावरून बनले आहे.

जुलैत पेटी बाहेर काढली, आणि सर्व प्रयोगांत मला हाच सर्वांत आवडला, कारण त्याला यंत्र मुळीच लागत नाही. जोडीच्या तारा पेटीच्या काळी एकशी अशा जुळवल्या की दोन्ही आवाज एकजीव होऊन जराही डोल उरला नाही, आणि खर्ज त्या जोडीशी मिळवला. मग एकट्या खर्जाची तार छेडून पेटीवर त्याच पट्टीतला वरचा गंधार, म्हणजे पांढरी चार, हलकेच धरला. जोडसुरांच्या पेटीत एकच सूर बोलता ठेवावा, नाहीतर गोंधळ होतो. लगेच हवेत एक लहर उठली. वाँव-वाँव-वाँव अशी ती पाच सेकंदांत तेरा-चौदा वेळा मोजता आली. शाळेच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. पेटीचे बारा सूर सप्तकाचे समान भाग करून लावलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार ३४९.२ चा येतो. तंबोऱ्याचा ३४६.५ चा. फरक २.७ आणि कान मोजतो तेही तेवढेच. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पेटीचा गंधार ४०० वर आणि स्वयंभू गंधार ३८६ वर बसतो. भाचीला पेटी बंद करून नुसत्या तंबोऱ्यावर ग लावायला सांगितले, तेव्हा ती न सांगता खाली ३८६ च्या आसपास जाऊन स्थिरावली. पेटी सुरू केल्यावर तिचा ग चढला. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर पेटीला बंदी होती आणि त्या वादात हे चौदा सेंटही होते. बंदी मला आजही आततायी वाटते, पण तक्रार काल्पनिक नव्हती, हे आता मी पाच सेकंदांत कोणालाही ऐकवू शकतो.

तरीही भाचीचा प्रश्न पूर्ण सुटला नव्हता. पाचवा अंशस्वर फळीवरच्या तारेतही असतो, मग तिथे तो असा गात का नाही? त्यासाठी थॉमस यंगचा नियम तपासला. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या अंशस्वरांचा निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, असतो ते निर्माण होत नाहीत. फळीवर साठ सेंटिमीटरच्या तारेला टोकापासून बारा सेंटिमीटरवर, म्हणजे बरोबर पाचव्या भागावर, नखाने छेडले आणि वर्णपटातला गंधार जवळजवळ पुसला गेला. दोन सेंटिमीटर बाजूला सरकलो की परत आला. नियम चोख. आता तंबोरा. आमच्या खर्जाची बोलती लांबी ९२ सेंटिमीटर, तिचा पाचवा भाग १८.४. तिथे पेन्सिलीने दांडीवर खूण केली आणि नेमके तिथेच छेडले. गंधार जायला हवा होता. तो गेला तर नाहीच, उलट छेडल्यानंतर क्षणभराने उमलून वर आला. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. मग दहा वेळा तेच केले.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात काम करत असताना, १९२१ मध्ये, तंबोरा आणि वीणा यांवर एक छोटा निबंध लिहिला आणि त्यात हेच नोंदवले आहे : ही वाद्ये यंगच्या नियमाला जुमानत नाहीत. कारण घोडीत, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यात, आहे. फळीवरची पाचर धारदार, तिथे तार एका रेषेवर संपते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरत्या बाकाची असते. तार प्रत्येक कंपनात त्या बाकावर थोडी लपेटते आणि पुन्हा उलगडते. त्यामुळे तिची बोलती लांबी क्षणोक्षणी बदलते, आणि खालच्या अंशस्वरांतली ऊर्जा वरच्यांत, छेडताना जे जन्मलेच नव्हते त्यांच्यातही, जात राहते. म्हणूनच तो गंधार छेडण्याच्या क्षणी न येता थोड्या वेळाने येतो.

यात तार आणि घोडी यांच्यामध्ये घातलेल्या दोऱ्याचे काम काय, हे पाहण्यासाठी ऑगस्टचा पहिला रविवार घालवला. खर्जाखालचा सुती दोरा पूर्ण काढला, तेव्हा तार घोडीवर आडवी पडून भुसभुशीत, ठसक्यावाचूनची बोलू लागली. दोरा घालून तारदानाच्या (तारा खाली जिथे बांधतात त्या टोकाच्या) दिशेने मागे ओढला तेव्हा फारसा फरक नाही. मग बोटाच्या टोकाने केसभर पुढे, पुन्हा केसभर पुढे, आणि एका जागी जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला झणकार, एकदम उघडली. वर्णपटावर पाचव्याच्या आसपासची सगळी शिखरे एकदम उंचावली. ती जागा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असावी; पुढे गेले की आवाज पुन्हा मिटतो. वडील डोळे मिटून हे सेकंदभरात करीत. मला अकरा मिनिटे लागली आणि भाचीला चार.

सध्या अडलेल्या गोष्टी दोन. दादरच्या एका दुकानातून आणलेली जोडीची नवी तार पंधरा दिवसांत गंजली. समुद्राची हवा आणि पाऊस लक्षात घेता दोष निव्वळ दुकानाचा नसावा, पण गंजलेल्या तारेची मोजमापे मी वहीतून बाद केली आहेत. दुसरी अडचण सातव्या अंशस्वराची. तो ४८५ च्या आसपास शिखर म्हणून स्पष्ट दिसतो, आणि पेटीच्या कोमल निषादापेक्षा तब्बल ३१ सेंट उतरलेला आहे. भाची म्हणते तो तिला ऐकू येतो, पण गाता येत नाही, कारण त्याला धरायला गेले की गळा सवयीच्या निषादावर जातो. मला तो अजून ऐकूही आलेला नाही. तारेला सातव्या भागावर, म्हणजे १३.१ सेंटिमीटरवर, बोटाचा नुसता स्पर्श करून छेडले तर बाकीचे अंशस्वर दबून तो एकटा उरायला हवा. गणपतीच्या सुट्टीत ती पुन्हा येईल तेव्हा तेच करणार आहोत. पेन्सिलीची खूण दांडीवर करून ठेवली आहे.